योगिराज चांगदेव आणि पुणतांब्याची समाधी

गावोगावी काही दगड असे असतात की ज्यांच्यावरून येणाऱ्या-जाणाऱ्यांची दृष्टी रोज फिरते, परंतु थांबत मात्र नाही. कोठे वेशीजवळचा वीरगळ, कोठे देवळाच्या भिंतीतील झिजलेला लेख, कोठे नदीकाठची एखादी समाधी. लहानपणापासून ते डोळ्यांसमोर असल्यामुळे ते कोणाचे, कोणत्या काळचे व कशासाठी तेथे आले, हे विचारण्याची कोणास आठवणही होत नाही. वस्तुतः छापील पुस्तके नव्हती त्या काळी आपल्या पूर्वजांनी पुढील पिढ्यांस लिहिलेली ही पत्रेच होत. पत्र हाती असून ते वाचावयाचे नाही, असे आपणांकडून होऊ नये, म्हणून या अंकी आम्ही अशाच एका दगडाची, आणि त्याच्याखाली विसावलेल्या थोर पुरुषाची कथा आमच्या बालवाचकांस व त्यांच्या वडीलमंडळींस सादर करीत आहो.

आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात राहाता तालुक्यात गोदावरीच्या दक्षिण तीरावर पुणतांबे हे गाव आहे. पूर्वी ते कोपरगाव तालुक्यात मोडत असे. दौंड–मनमाड लोहमार्गावरून जाणाऱ्यांस ते स्थानकाच्या पाटीवरून ठाऊक असते. अलीकडे शिर्डीस जाणारा फाटा याच ठिकाणी फुटत असल्यामुळे त्याचे नाव दूरदूरच्या यात्रेकरूंच्याही कानी पडते. गावाचे मूळ नाव पुण्यस्तंभ असे होते व त्याचा अपभ्रंश होऊन पुणतांबे झाले, असे परंपरेने सांगण्यात येते. स्तंभ म्हणजे खूण. पुण्याची खूण ज्या ठिकाणी रोवलेली आहे ते पुण्यस्तंभ, हा अर्थ मनास मोठा गोड वाटतो. या गावी नदीवर बांधीव घाट आहेत, अनेक देवळे आहेत. परंतु ज्या एका स्थानामुळे हे गाव महाराष्ट्रभर ओळखले जाते ते स्थान म्हणजे योगिराज चांगदेवांची समाधी होय.

चांगदेवांचे पूर्ण नाव चांगदेव वटेश्वर, किंवा चांगा वटेश्वर, असे आढळते. वटेश्वर हे त्यांचे आराध्य दैवत होते असे कोणी म्हणतात, तर ते गुरूंचे नाव असावे असे दुसऱ्या कित्येकांचे मत आहे. त्यांच्या पूर्वायुष्याची ठाम माहिती देणारा समकालीन लेख हाती नाही. जे आहे ते संतचरित्रकारांनी व लोकपरंपरेने जपलेले आहे. त्या परंपरेप्रमाणे त्यांचे वास्तव्य मुख्यतः तापीच्या काठी होते. जळगाव जिल्ह्यात तापी व पूर्णा या नद्यांच्या संगमावर चांगदेव याच नावाचे गाव असून तेथे त्यांच्या नावाचे जुने, भव्य दगडी देवालय आजही उभे आहे. तेथे राहून त्यांनी वेदशास्त्रांचे अध्ययन केले, योगाभ्यासात पराकाष्ठेची गती मिळविली, आणि त्या बळावर अनेक सिद्धी संपादन केल्या, असे वर्णन येते. हिंस्र श्वापदे त्यांच्या आज्ञेत वागत, विषारी सर्प त्यांच्या हातात निमूटपणे राहत, आणि चौदाशे शिष्यांचा मेळा सदैव त्यांच्या भोवती असे.

याहून मोठा लौकिक होता तो त्यांच्या आयुर्मर्यादेचा. चांगदेव चौदाशे वर्षे जगले, ही गोष्ट महाराष्ट्रात लहान मुलेही सांगतात. शंभर वर्षे भरत आली व काळ समीप आला की ते योगबलाने आपला प्राण मस्तकात चढवून समाधी लावून बसत. मृत्यूची घटका टळून गेली म्हणजे पुन्हा देहावर येत. आणि अशा रीतीने त्यांनी चौदा वेळा काळास परत पाठविले, अशी ही आख्यायिका आहे. तिच्या खरेखोटेपणाचा विचार पुढे येईल. तूर्त वाचकांनी एवढेच ध्यानी घ्यावे की विद्या, सामर्थ्य, वय, शिष्यसंप्रदाय व कीर्ती, यांपैकी मनुष्यास गर्व वाटावा अशी एकही गोष्ट चांगदेवांपाशी उणी नव्हती.

तो काळ देवगिरीच्या यादवांचा होता. इ. स. १२७१ पासून रामचंद्रदेव राजा राज्य करीत होता. राज्य संपन्न होते, देवालये उठत होती, संस्कृत विद्येस राजाश्रय होता. परंतु ज्ञानाची दारे सामान्य जनांस मिटलेली होती; धर्मविचार ज्या भाषेत चाले ती नांगर धरणाऱ्यास व जात्यावर बसणारीस कळत नसे. अशा वेळी आपेगावच्या विठ्ठलपंतांची चार मुले, निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान व मुक्ताबाई, ही समाजाने वाळीत टाकलेली भावंडे आईबापांविना पोरकी होऊन गोदातीरी फिरत होती. विठ्ठलपंतांनी संन्यास घेऊन पुन्हा गृहस्थाश्रम स्वीकारला, हा त्या मुलांचा अपराध! शुद्धिपत्रासाठी ती पैठणास गेली, तेथून प्रवरेच्या काठी नेवाश्यास आली, आणि तेथे इ. स. १२९० मध्ये ज्ञानदेवांनी भगवद्गीतेवरील आपली मराठी टीका सांगितली. तेव्हा त्यांचे वय अवघे पंधरा वर्षांचे होते. ज्या खांबास टेकून त्यांनी ती सांगितली असे मानतात, तो पैस नावाचा खांब नेवाश्यास जपलेला आहे. नेवासे आपल्याच जिल्ह्यात आहे, हे विद्यार्थ्यांनी विसरू नये.

या मुलांची कीर्ती तापीकाठी चांगदेवांच्या कानी गेली. जन्मभर तपश्चर्या करून जे आपणांस साधले नाही ते एका पोरसवदा मुलास साधले, ही वार्ता त्यांस प्रथम नवलाची व नंतर बोचरी वाटली असावी. भेटीस जाण्यापूर्वी पत्र पाठवावे असा विचार करून ते लिहावयास बसले. पण पहिल्या शब्दापाशीच लेखणी अडली. आमच्या वाचकांपैकी ज्यांनी जुन्या रीतीची पत्रे पाहिली असतील त्यांस ही अडचण लगेच कळेल. आपणांहून लहानास लिहावयाचे तर मायना चिरंजीव असा, आणि वडिलांस लिहावयाचे तर तीर्थरूप असा. ज्ञानदेव वयाने तर नातवंडाच्याही नातवंडाहून धाकटे. त्यांस तीर्थरूप कसे लिहावे? आणि ज्ञानाने ते वडील. त्यांस चिरंजीव तरी कसे म्हणावे? एका बाजूस अभिमान, दुसऱ्या बाजूस सत्य. आणि या दोहोंच्या मध्ये तो महान योगी अडकून पडला. शेवटी काहीच न लिहिता कोरा कागद तसाच घडी करून त्यांनी शिष्याच्या हाती आळंदीस धाडून दिला.

तो कागद उलगडताच भावंडांस त्याचा अर्थ कळला. मुक्ताबाई सर्वांत धाकटी, आणि बोलण्यात फटकळ. चौदाशे वर्षे तप करूनही हा योगी कोराच राहिला, असा अभिप्राय तिने हसत हसत दिला, असे सांगतात. निवृत्तिनाथ मात्र गंभीर होते. ज्या कागदावर काहीच लिहिलेले नाही त्यावर काहीही लिहिता येते, हे त्यांनी ओळखले असावे. त्यांनी धाकट्या भावास उत्तर लिहिण्यास सांगितले, आणि ज्ञानदेवांनी त्या कोऱ्या पत्रास पासष्ट ओव्यांचे उत्तर लिहिले. तेच चांगदेव पासष्टी या नावाने मराठी वाङ्मयात अजरामर झालेले लहानसे प्रकरण होय.

या उत्तरात मायन्याचा प्रश्न ज्ञानदेवांनी वाद न घालता सोडविला आहे. त्याचा आशय आमच्या शब्दांत असा सांगता येईल. सोन्याचे अनेक अलंकार घडले तरी सोने एकच. पाण्यावर अनेक लाटा उठल्या तरी पाणी एकच. आरशात आपले मुख पाहणारा स्वतःच पाहणारा, आणि पाहिला जाणाराही स्वतःच. तसे जर आहे, तर लिहिणारा कोण व वाचणारा कोण, धाकटा कोण व थोरला कोण? पत्रात उपहासाचा एकही शब्द नाही. समोरचा पुरुष गर्वाने अडला आहे हे जाणूनही त्याच्या गर्वावर बोट न ठेवता, ज्या ठिकाणी गर्वास जागाच उरत नाही त्या ठिकाणी त्यास हाताला धरून नेले आहे. वादात जिंकणे सोपे असते. प्रतिपक्ष्यास लाज न आणता शिकविणे कठीण असते. विद्यार्थ्यांनी पत्रलेखन शिकताना हे पत्र अवश्य पाहावे.

परंतु पत्र वाचून चांगदेवांचे समाधान झाले नाही. शब्द कळले, पण त्यांतील अनुभव हाती येईना. तेव्हा ते स्वतःच निघाले, आणि निघाले तेही आपल्या सर्व ऐश्वर्यानिशी. वाघावर आरूढ होऊन, हाती सर्पाचा आसूड घेऊन, चौदाशे शिष्यांसह ते आळंदीच्या शिवेपाशी आले. त्या वेळी चौघे भावंडे एका भिंतीवर बसली होती. एवढा वृद्ध पुरुष भेटीस येत असता बसून राहणे बरे नव्हे, सामोरे गेले पाहिजे, असे त्यांनी ठरविले. पण त्यांच्यापाशी वाहन कोठचे? तेव्हा ज्ञानदेवांनी त्या भिंतीसच चालण्याची आज्ञा केली आणि निर्जीव भिंत चालू लागली, अशी कथा आहे. ती भिंत म्हणून एक जागा आळंदीस दाखविण्यात येते. ते दृश्य पाहून चांगदेवांचा ताठा गळाला. सजीवावर सत्ता चालविणारा निर्जीवावर सत्ता चालविणाऱ्यापुढे नमला. वाघावरून उतरून त्यांनी त्या मुलांचे पाय धरले.

या कथेचा एक चमत्कारिक जुळा भाऊ आपल्या देशापासून फार दूर, आजच्या तुर्कस्तानात आढळतो. तेराव्या शतकात तेथे हाजी बेक्ताश वली नावाचे एक सूफी साधू होऊन गेले. त्यांच्या भेटीस सय्यद महमूद हैरानी हे दुसरे साधू सिंहावर बसून व हाती सर्पाचा चाबूक घेऊन आले, तेव्हा हाजी बेक्ताश एका शिळेवर बसले व ती शिळा चालवीत त्यांस सामोरे गेले, अशी कथा तिकडील लोक सांगतात. एक कथा दुसरीवरून निघाली, की दोन्ही देशांतील लोकांस एकच सत्य एकाच रूपात सुचले, याचा निर्णय विद्वानांनी करावा. आम्हांस एवढे दिसते की सामर्थ्याचे प्रदर्शन करीत येणारा आणि साधेपणाने सामोरा जाणारा, या दोघांत थोर कोण, हा प्रश्न मराठी शेतकऱ्यास जसा पडला तसाच अनातोलियाच्या मेंढपाळासही पडला; आणि दोघांनी उत्तर एकच दिले.

सामान्य कीर्तनकार ही कथा येथेच संपवितो. पण आमच्या मते चांगदेवांच्या आयुष्यातील खरी मोठी गोष्ट याच्यानंतरची आहे. चमत्कार पाहून नमणे फारसे अवघड नाही. बलवानापुढे सगळेच नमतात. अवघड असते ते नमल्यानंतर शिष्य होऊन बसणे, रोज आपले अज्ञान कबूल करणे, आणि तेही अशा गुरूपुढे की ज्यास जगाने गुरू म्हणून कधी मोजले नसते. चांगदेवांस पासष्टीचा अर्थ विशद करून सांगण्याचे काम ज्ञानदेवांनी स्वतःकडे घेतले नाही, निवृत्तिनाथांनीही घेतले नाही; ते मुक्ताबाईकडे आले. परंपरागत शकाप्रमाणे तिचा जन्म इ. स. १२७९ चा, म्हणजे त्या वेळी ती फार तर पंधरा-सोळा वर्षांची असावी. वेदाध्ययनाचा अधिकार स्त्रियांस नाही असे मानणाऱ्या काळात, वाळीत टाकलेल्या घरच्या एका कुमारिकेपुढे चौदाशे शिष्यांचा गुरू शिष्य म्हणून बसला. तिने विचारावे, त्याने चाचरावे. तिने समजावावे, त्याने ऐकावे. ज्या मुलीने त्यास कोरा म्हटले होते तिच्याच हातून त्या कोऱ्या कागदावर पहिले अक्षर उमटले. चांगदेवांच्या नावावर असलेल्या अभंगांत मुक्ताबाईचा गुरू म्हणून गौरव येतो, आणि मुक्ताबाईच्या नावावरील अभंगांत चांगदेवास केलेला उपदेश येतो.

आमच्या शाळेत शिकणाऱ्या मुलींनी ही गोष्ट मनात ठेवावी असे आम्ही मुद्दाम म्हणतो. आणि मुलांनी तर दुप्पट ठेवावी. आपल्या धाकट्या बहिणीने गणितातील चूक दाखविली तर रागावणाऱ्यांनी चांगदेवांचे वय व मुक्ताबाईचे वय एकदा शेजारी शेजारी मांडून पाहावे.

पुढे हा मेळा फार काळ टिकला नाही. इ. स. १२९६ मध्ये ज्ञानदेवांनी आळंदीस समाधी घेतली; तेव्हा ते एकवीस वर्षांचे होते. त्याच वर्षी अल्लाउद्दीन खिलजीने देवगिरीवर स्वारी केली व यादवांच्या वैभवास उतरती कळा लागली. सोपानदेवांनी सासवडास देह ठेवला. त्यानंतरच्याच वर्षी, १२९७ मध्ये, तापीकाठी मेहूण येथे विजेच्या कडकडाटात मुक्ताबाई दिसेनाशी झाली, असे संतचरित्रांत वर्णिले आहे. निवृत्तिनाथ त्र्यंबकेश्वरी समाधिस्थ झाले. मुक्ताबाईचे स्थान आणि संगमावरील चांगदेवांचे देवालय ही एकमेकांपासून जवळच आहेत. त्या तालुक्याचे नावही आज मुक्ताईनगर असे आहे. चौदाशे वर्षांचा म्हटलेला शिष्य मागे राहिला आणि अठरा वर्षांची गुरू पुढे गेली. काळाने केलेला हा उलटा हिशेब चांगदेवांच्या मनास कसा झोंबला असेल, याची कल्पनाच करावी.

परंतु हे दुःख घेऊन ते स्वस्थ बसले नाहीत. आपल्याच जिल्ह्यात अकोले तालुक्यात सह्याद्रीच्या माथ्यावर हरिश्चंद्रगड आहे. तेथील हरिश्चंद्रेश्वराचे दगडी देवालय, केदारेश्वराची पाण्याने भरलेली गुहा व डोंगरात कोरलेली लेणी पाहण्यास आज पुष्कळ तरुण जातात. त्या स्थानी चांगदेवांनी काही काळ तपश्चर्या केली, व तेथेच तत्त्वसार नावाचा ओवीबद्ध मराठी ग्रंथ रचला, असे मानण्यात येते. ग्रंथाचा काळ शके १२३४, म्हणजे इ. स. १३१२, असा दिला जातो. गडावरील कोरीव लेखांतही चांगदेवांचे नाव आढळते. येथे वाचकांनी क्षणभर थांबावे. जो पुरुष आपल्या विद्येस संस्कृताचे कुंपण घालून बसू शकला असता, त्याने उत्तरवयात, मराठी ग्रंथरचनेस नुकताच बहर आला होता त्या काळी, मराठीत ओव्या रचल्या. मुक्ताबाईपासून जे घेतले ते मुक्ताबाईच्या भाषेत परत दिले. मराठीत तत्त्वविचार लिहिणाऱ्या पहिल्या पिढीत चांगदेवांचे नाव घ्यावे लागते ते यामुळेच.

आणि शेवटी गोदावरीच्या काठी पुणतांब्यास चौदाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्यांनी समाधी घेतली. ज्याने चौदा वेळा मृत्यूस दारातून परत पाठविले असे सांगतात, त्याने या खेपेस त्यास परत पाठविले नाही. परंपरेने दिलेला हा शेवट आम्हांस फार अर्थपूर्ण वाटतो. ज्ञान होण्यापूर्वी त्यांस जगण्याची हाव होती. ज्ञान झाल्यानंतर ती गरजच उरली नाही. आयुष्य किती लांबविले यापेक्षा ते कोणत्या ठिकाणी नेऊन पोचविले, हे पाहावयाचे असते, असेच जणू ती समाधी सांगत आहे.

आता आरंभी पुढे ढकललेल्या प्रश्नाकडे वळू. चौदाशे वर्षे जगणे शक्य आहे काय? शरीरशास्त्र शिकलेला आमचा विद्यार्थी नाही म्हणेल, आणि ते योग्यच आहे. कोणत्याही लेखाने वा शिलालेखाने एवढ्या आयुष्यास आधार मिळत नाही. मग ही समजूत कशी रूढ झाली असावी? एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. यादवकाळी चांगदेव हे नाव महाराष्ट्रात फार प्रचलित होते. चाळीसगावाजवळ पाटण येथे इ. स. १२०७ च्या शिलालेखात एक चांगदेव भेटतात; ते थोर गणिती भास्कराचार्यांचे नातू, स्वतः ज्योतिषी, आणि आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांनी तेथे मठ स्थापिला होता. महानुभाव पंथात पूज्य मानलेले चांगदेव राऊळ हे त्यांहून निराळे. आमचे वटेश्वर चांगदेव आणखी निराळे. एकाच नावाचे अनेक पुरुष निरनिराळ्या काळी होऊन गेले म्हणजे लोकांच्या स्मरणात ते हळूहळू एकच होतात, व त्यांची वयेही एकाच्या खात्यावर जमा होतात. शिवाय योग्यांच्या परंपरेत शिष्याने गुरूचे नाव चालविण्याचीही रीत असे. चौदाशे हा आकडा शिष्यांच्या संख्येतही येतो आणि वर्षांच्या संख्येतही येतो, हेही सूचक आहे. हे सर्व अनुमान होय. परंतु अनुमान विचारपूर्वक केलेले असले म्हणजे त्याची लाज वाटू नये.

मात्र आख्यायिका इतिहास नव्हे म्हणून ती टाकूनच द्यावी, असेही आमचे म्हणणे नाही. शिलालेख आपणांस काय घडले ते सांगतो. आख्यायिका लोकांस कशाचे मोल वाटले ते सांगते. भिंत चालली की नाही, हे ठरविण्यास साधन नाही. पण वृद्ध पंडिताने बालिकेपासून शिकावे यात थोरपणा आहे, असे या महाराष्ट्रातील अडाणी म्हटलेल्या लोकांस सातशे वर्षे वाटत आले, हे मात्र निश्चित आहे. दोन्हींचा मान ठेवावा, पण दोन्ही एकाच पेटीत ठेवू नयेत, एवढेच शिकले तरी इतिहासाचा पहिला धडा पाठ झाला असे समजावे.

ही कथा आपणांपर्यंत कशी येऊन पोचली तेही पाहण्यासारखे आहे. आपल्याच जिल्ह्यात राहुरी तालुक्यात ताहराबाद नावाचे गाव आहे. तेथे अठराव्या शतकात महिपती नावाचे कवी राहत असत. त्यांनी इ. स. १७६२ मध्ये भक्तविजय हा ग्रंथ पुरा केला व त्यात अनेक संतांबरोबर चांगदेवांचेही चरित्र गाइले. पुढे अमेरिकन मराठी मिशनमध्ये पुष्कळ वर्षे सेवा केलेले जस्टिन अॅबट यांनी नरहर गोडबोले यांच्या साहाय्याने त्या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर केले, ते १९३३–३४ च्या सुमारास प्रसिद्ध झाले. अॅबट यांचे वडीलही अहमदनगरास मिशनचे काम करीत असत. याप्रमाणे तापीकाठच्या योग्याची कथा, ताहराबादच्या कवीने ओवीत बांधली आणि निराळ्या धर्माच्या एका पंडिताने समुद्रापार नेली. जे चांगले आहे त्यास शीव नसते.

पुणतांब्याचे महत्त्व चांगदेवांबरोबर संपले नाही. काशीस जाऊन न्यायशास्त्रात नाव मिळविणारे महादेव पुणतामकर यांच्या आडनावात हेच गाव आहे. जामखेड तालुक्यातील चौंडी येथे १७२५ मध्ये जन्मलेल्या आणि १७६७ पासून १७९५ पर्यंत होळकरांचे राज्य सांभाळणाऱ्या पुण्यश्लोक अहिल्याबाईंनी येथे गोदावरीवर घाट बांधिला. दुसरा घाट शिवराम धुमाळ नामक गृहस्थांनी बांधिल्याची नोंद जुन्या गॅझेटियरात आहे. राणीचा घाट आणि गृहस्थाचा घाट एकाच नदीस लागून आहेत, व पाणी भरणारीने दोहोंत कधी भेद केला नाही. १८७८ मध्ये दौंड–मनमाड लोहमार्ग सुरू होऊन गाव बाहेरच्या जगास जोडले गेले. आणि २०१७ च्या जून महिन्याच्या पहिल्या तारखेस महाराष्ट्रातील शेतकऱ्यांनी जो संप पुकारला त्याची हाक याच गावातून उठली. २०२४ मध्ये आपल्या जिल्ह्यास अहिल्याबाईंचे नाव मिळाले, तेव्हा त्यांच्या बांधकामाची एक खूण पुणतांब्यासारख्या लहान गावी आहे हे किती जणांस ठाऊक होते, हा प्रश्न आम्ही वाचकांपुढे ठेवतो.

या सर्व खुणांत चांगदेवांची समाधी वडील आहे, आणि तिचे शिकविणेही सर्वांत कठीण आहे. घाट सांगतो, दुसऱ्यासाठी बांधा. लोहमार्ग सांगतो, दूर जा. समाधी सांगते, नमते घ्या. शाळेत येणारा प्रत्येक जण कोरा कागद घेऊनच येतो. त्यात लाज नाही. लाज आहे ती कागद भरलेला आहे अशा समजुतीत राहण्याची. चांगदेवांचा मोठेपणा त्यांच्या वाघात नव्हता, आसुडात नव्हता, चौदाशे वर्षांतही नव्हता. ज्या दिवशी मायना सुचेना त्या दिवशी खोटा मायना न घालता त्यांनी कागद कोरा ठेवला, आणि पुढे तो एका मुलीच्या हाती लिहावयास दिला, यात तो होता.

आमची आमच्या विद्यार्थ्यांस एकच विनंती आहे. येत्या सुटीत आपआपल्या गावी गेल्यावर वेशीतील, देवळातील, नदीकाठच्या अशा एखाद्या दगडापाशी थांबावे. त्यावर अक्षरे असतील तर ती जपून वहीत उतरून घ्यावी, त्यास शेंदूर वा चुना फासू नये. आणि गावातील वृद्धांस त्याची कथा विचारावी. वृद्धांनीही, मुले काय विचारतात असे म्हणून त्यांस हाकलून देऊ नये. कोण कोणास शिकवील याचा नेम नसतो, हे पुणतांब्याच्या समाधीने आपणांस सांगून ठेवले आहे.